घरातल्या खोलीत अळिंबी: हवा कशी खेळती ठेवाल, फुफ्फुसे कशी जपाल

घरातली एक खोली रिकामी करून तिच्यात धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, वाढवणारी कुटुंबे आता खेड्यांत आणि शहरांतही दिसतात. भांडवल कमी लागते, दहा बाय दहाची खोली पुरते आणि बियाणे भरल्यापासून महिन्याभरात पहिली काढणी हाती येते. अनेक बचत गटांच्या महिलांनी हा जोडधंदा चांगला सांभाळला आहे. प्रशिक्षणात काड कसे भिजवायचे, बेड कसे भरायचे, पाणी किती फवारायचे हे नीट शिकवतात. त्या खोलीत रोज दोन-तीन तास वावरणाऱ्या माणसाच्या श्वासाचे काय, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. हा लेख त्याबद्दल आहे.

मुद्दा एवढाच: अळिंबीला पुरेल इतकी हवा माणसालाही पुरते, असे नाही.

अळिंबीला हवा कशासाठी लागते?

अळिंबी ही बुरशी आहे. ती आपल्यासारखीच प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत साधारण ४२० भाग असतो. धिंगरीला फळे धरताना तो हजाराच्या आत लागतो. तो वाढला की देठ लांबतात, छत्री लहान राहते आणि माल विकला जात नाही. त्यामुळे देठ लांब दिसू लागले की लोक खिडकी उघडतात. पण त्याच वेळी अळिंबीला ८० ते ८५ टक्के आर्द्रता आणि २० ते ३० अंश तापमान हवे असते. खिडकी उघडी ठेवली तर ओल जाते, म्हणून ती पुन्हा बंद होते. या ओढाताणीत बहुतेक वेळा ओल जिंकते आणि खोली दिवसभर बंद राहते.

बेडमध्ये बुरशीचे धागे पसरत असताना, म्हणजे पहिले १५ ते २० दिवस, खोली बंद आणि अंधारी ठेवली तरी पिकाचे बिघडत नाही. मात्र अशा खोलीत शिरल्यावर डोके जड होत असेल किंवा गुदमरल्यासारखे वाटत असेल, तर आत थांबू नका. दार-खिडकी उघडून हवा बदलू द्या आणि मगच कामाला लागा.

खरा धोका बीजाणूंचा

कार्बन डायऑक्साइड हवा बदलली की जातो. बीजाणूंचे तसे नाही. छत्री पूर्ण उमलली की तिच्या खालच्या पापुद्र्यांतून बीजाणू अखंड झडत राहतात, आणि या बाबतीत धिंगरी फार उदार आहे. काळ्या पिशवीवर, फरशीवर किंवा मांडणीवर सकाळी पांढरी भुकटी साचलेली दिसते ना, ते बीजाणूच. एक बीजाणू साधारण १० मायक्रॉन लांब आणि ३ ते ४ मायक्रॉन रुंद असतो. इतका बारीक कण नाकात अडकत नाही, थेट फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत जातो.

काही जणांच्या शरीराला हे कण शत्रू वाटू लागतात. रोगप्रतिकारशक्ती भडकते आणि फुफ्फुसातल्या वायुकोशांना सूज येते. या आजाराला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा संसर्ग नाही, त्यामुळे एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि प्रतिजैविकांनी बरा होत नाही. कबुतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणारा फुफ्फुसाचा आजार तुम्ही ऐकला असेल. हा त्याच कुटुंबातला. भारतातल्या १०८४ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला एक मोठा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या आतल्या जाळीला सूज किंवा व्रण आणणाऱ्या आजारांमध्ये आपल्याकडे हाच प्रकार सर्वांत जास्त, ४७ टक्के, आढळला. त्यामागे मशरूम होते असे नव्हे; तिथे एअर कूलरमधली बुरशी आणि पक्षी हीच कारणे ठळक होती. पण घरातल्या हवेतले बारीक जैविक कण आपल्याकडे किती लोकांना बाधतात, हे त्यावरून कळते.

लक्षणे: घड्याळाकडे बघा

हा आजार ओळखायला वेळ लागतो, कारण त्रास खोलीत असताना होतच नाही. सकाळी आठ वाजता काढणी केली तर दुपारी किंवा संध्याकाळी, म्हणजे चार ते आठ तासांनी, अंगात कसकस, थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे वाटणे आणि दम लागणे सुरू होते. एक-दोन दिवसांत आपोआप ओसरते. घरचे म्हणतात, व्हायरल असेल. पुढच्या काढणीला पुन्हा तेच. तापाची गोळी, मग प्रतिजैविक, मग दुसरे प्रतिजैविक, आणि खोकला लांबला की क्षयाच्या तपासण्या. क्षयाची तपासणी करणे चूक नाही, आपल्या देशात ती करायलाच हवी. पण अहवाल निगेटिव्ह आला तर तिथे थांबू नये.

दुसरा प्रकार अधिक फसवा. यात ताप येत नाही. काही महिन्यांत हळूहळू जिना चढताना दम लागू लागतो, कोरडा खोकला जात नाही, वजन उतरते, थकवा राहतो. माणूस वयाला किंवा कामाला दोष देतो. संपर्क चालूच राहिला तर फुफ्फुसात कायमचे व्रण पडू शकतात, आणि ते भरून येत नाहीत.

एक प्रश्न मी अशा रुग्णांना नेहमी विचारतो: गावाला किंवा माहेरी गेल्यावर त्रास कमी होतो का? चार-सहा दिवस घराबाहेर राहिल्यावर खोकला थांबत असेल आणि परतल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर कारण घरातच आहे असे समजून शोधायला लागावे.

डॉक्टरांकडे जाताना आपण मशरूम पिकवतो हे आपणहून सांगा. ‘काय काम करता?’ या प्रश्नाला बहुतेक बायका ‘घरीच असते’ असे उत्तर देतात आणि तिथेच धागा तुटतो. छातीचा साधा एक्स-रे या आजारात अगदी नॉर्मल असू शकतो. त्यामुळे गरज पडल्यास छातीचा एचआरसीटी स्कॅन, फुंकण्याची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री, आणि चालल्यावर ऑक्सिजन उतरतो का याची नोंद केली जाते. निदान अवघड असेल तर छातीरोगतज्ज्ञ दुर्बिणीतून तपासणी सुचवतात. उपचाराचा पाया एकच, संपर्क थांबवणे. काहींना स्टिरॉइड लागतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गोळ्या घेत घेत खोलीत काम चालू ठेवणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे.

खोलीची रचना

आता हवेकडे. पहिली निवड खोलीची. झोपायची खोली, लहान मुलांची खोली किंवा आजारी वृद्ध माणसाच्या शेजारची खोली नको. बाहेरच्या बाजूला भिंत असलेली, शक्य असेल तर घरापासून सुटी असलेली शेड किंवा गच्चीवरची खोली उत्तम.

खोलीतली हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा लावा, आत ढकलणारा नको. हे महत्त्वाचे आहे. आत हवा ढकलली तर ती बीजाणू घेऊन दाराच्या फटीतून घरात शिरते. बाहेर ओढली तर घरातली हवा खोलीकडे येते आणि बीजाणू बाहेर जातात. पंखा एका भिंतीत आणि हवा आत येण्याची जाळी समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे हवा सगळ्या बेडवरून जाईल. दोन्ही एकाच भिंतीत शेजारी असतील तर ताजी हवा आली तशी निघून जाते आणि कोपरे तसेच कोंदट राहतात.

पंखा बरोबर काम करतो का हे पाहायला उदबत्ती पुरते. पंखा चालू करून दार लावा, घराच्या बाजूने दाराच्या खालच्या फटीजवळ उदबत्ती धरा. धूर खोलीत ओढला गेला पाहिजे. उलट बाहेर येत असेल तर हवा घरात येते आहे. कधी पंखा उलटा बसवलेला असतो, कधी हवा आत येण्याची वाट मोठी आणि वाऱ्याच्या तोंडावर असते.

पंखा केवढा? दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीत एक हजार घनफूट, म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा असते. ती तासाला सहा वेळा बदलायची तर तासाला १७० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. खोक्यावर लिहिलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धूळ आणि नळी यांमुळे तो बराच घटतो. म्हणून साधारण दुप्पट क्षमतेचा पंखा घ्या. या वेगाने हवा बदलली तर अर्ध्या तासात आधीची बहुतेक सगळी हवा निघून जाते. तेव्हा नियम असा ठेवा: काढणीच्या अर्धा तास आधी पंखा सुरू, काम चालू असेपर्यंत सुरू, आणि पाण्याची फवारणी शेवटी, आपण बाहेर पडताना. एरवी पंखा टायमरवर थोडा-थोडा वेळ चालवता येतो. ओल टिकवायला हवा आत येण्याच्या जाळीवर ओले गोणपाट लावतात. ही युक्ती चांगली आहे, पण गोणपाट आठवड्याला धुऊन उन्हात वाळवा, नाहीतर त्याच्यावरच दुसरी बुरशी धरते.

छताचा किंवा टेबलफॅन या खोलीत नको. तो हवा बदलत नाही, साचलेली भुकटी मात्र उडवतो. स्प्लिट एसीबद्दलही गैरसमज आहे. तो खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो, बाहेरची हवा आणत नाही. ओझोन सोडणारी यंत्रे तर घरात आणूच नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसाला इजा करतो.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पंखा इमारतीच्या डक्टमध्ये किंवा सामाईक व्हरांड्यात सोडू नका. तिथून हवा वरच्या मजल्याच्या स्वयंपाकघरात जाते. शेजारच्या काकूंना दमा असेल तर भांडणाच्या आधी दवाखाना येईल. ओल्या खोलीतल्या पंख्याची वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि विजेची गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवा.

पंखा असला तरी

उमललेल्या छत्र्या भरपूर असतील तर पंखा कितीही चांगला असो, बीजाणू तयार होत राहतात. म्हणून सगळ्यात परिणामकारक उपाय काढणीच्या वेळेत आहे. छत्रीची कड खाली वळलेली असतानाच अळिंबी काढा. कड सपाट होऊन वर वळू लागली की उशीर झाला. लवकर काढलेला माल टिकतोही जास्त, त्यामुळे यात तोटा नाही.

आत जाताना नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावा. ओढणी, रुमाल किंवा निळा सर्जिकल मास्क बीजाणू अडवत नाही. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे वेगळे ठेवा आणि ते घालून स्वयंपाकघरात किंवा मुलांजवळ जाऊ नका. हिरवी बुरशी धरलेला बेड खोलीत फोडू नका. दुसऱ्या पिशवीत बंद करून बाहेर न्या. दमा, सीओपीडी, फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी, आणि स्टिरॉइड, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी खोलीतले काम घेऊ नये. हिशेब, पॅकिंग, विक्री ही कामे त्यांना देता येतील. आणि ज्याला हा आजार झाल्याचे निदान झाले आहे, त्याने मास्क लावूनही परत खोलीत जाऊ नये. मास्क हा बचाव आहे, उपचार नाही.

काड निर्जंतुक करण्याबद्दल एक इशारा. अनेक ठिकाणी काड फॉर्मेलिन आणि कार्बेन्डाझिमच्या पाण्यात रात्रभर भिजवतात. फॉर्मेलिनच्या वाफा डोळे, नाक आणि घसा चुरचुरवतात, दमा वाढवतात. त्यातल्या फॉर्मॅल्डिहाइडची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. न्हाणीघरात किंवा बंद खोलीत हे काम कधीही करू नका. घरगुती प्रमाणासाठी गरम पाण्यात काड बुडवून ठेवण्याची पद्धत पुरेशी आहे. पण पाणी तापवायची चूल किंवा शेगडी अंगणातच हवी. बंद जागेत कोळसा किंवा लाकूड जळाले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो काही वेळात जीव घेऊ शकतो.

लगेच दवाखान्यात कधी जावे?

बसल्या जागी दम लागत असेल, ओठ किंवा नखे निळसर दिसत असतील, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, किंवा बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर वाट पाहू नका. काढणीनंतर दोनदा ताप-खोकला आला असेल तर तिसऱ्या वेळेची वाट न पाहता तपासून घ्या. तोवर खोलीतले काम दुसऱ्याकडे द्या, आणि तोही मास्क लावूनच आत जाईल हे पाहा.

शेवटी, नेहमी विचारला जाणारा प्रश्न: मग मशरूम खायचे की नाही? खुशाल खा. हा आजार बीजाणू श्वासातून गेल्याने होतो, शिजवलेली अळिंबी खाल्ल्याने नाही. आधी कधी मशरूम खाऊन अंगावर पित्त उठले असेल किंवा तोंड सुजले असेल, तर ती वेगळी अ‍ॅलर्जी, तेवढ्यांनी टाळावे.