अस्सल, मूळ आणि नवी कोरी : जुन्या स्पोर्ट्स कारचा जीर्णोद्धार करावा का?

🧵 १/
एक दुर्मीळ, जुनी स्पोर्ट्स कार विक्रीस आली आहे. ती विकत घ्यावी का? आणि घेतल्यास तिचा जीर्णोद्धार करावा का? वरवर पाहता हा धनिकांच्या छंदाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रश्न आहे : समोरचे साधन अस्सल आहे का, आणि ते दुरुस्त करताना आपण नेमके काय पुसून टाकणार आहोत? आजचा धागा दोन मोटारींविषयी.

२/
पहिली मोटार बेंटली कंपनीची ‘स्पीड सिक्स’. मोटारविश्वात ती ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाते. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षे जिंकली. दोन्ही वेळा चालक होते वूल्फ बार्नाटो, जे बेंटली कंपनीचे अध्यक्षही होते. त्यांच्या जोडीला पहिल्या वर्षी टिम बर्किन, तर दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन होते.

३/
शर्यतीची मोटार जशीच्या तशी कधीच राहत नाही. प्रत्येक हंगामात तिचे भाग झिजतात, तुटतात, बदलले जातात. १९३२ पर्यंत या मोटारीत मूळच्या साडेसहा लिटर इंजिनाच्या जागी आठ लिटरचे इंजिन आले होते. त्या वर्षी इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे ५०० मैलांच्या शर्यतीत ती कललेल्या धावपट्टीच्या कडेवरून बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डन्फी मृत्युमुखी पडले. पुढे बार्नाटो यांनी तीच मोटार बंदिस्त कूपेच्या रूपात पुन्हा बांधून घेतली.

४/
आता १९९० मध्ये येऊ. या मोटारीचा सौदा सुमारे १ कोटी पौंडांना ठरला. मात्र खरेदीदार कंपनीने पुढे हात आखडता घेतला. तिचे म्हणणे असे, की ल मां जिंकणारी मोटार ही नव्हेच. विक्रेता न्यायालयात गेला. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे जो प्रश्न आला, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात शोभावा असा होता : सगळे भाग बदलल्यावर वस्तू तीच राहते का?

५/
तपासणीत दिसले ते विक्रेत्याला अडचणीचेच होते. १९२९ च्या मोटारीचे जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या मोटारीचेही मोजकेच भाग शिल्लक होते. केवळ धातूच्या आधारे निवाडा करायचा, तर खरेदीदाराची बाजू भक्कम होती.

६/
तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींच्या विवेचनाचा आशय असा : या मोटारीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ती ‘अस्सल’ आहे. तिचे भाग एकदम बदलले गेले नाहीत. ते टप्प्याटप्प्याने बदलले आणि प्रत्येक टप्प्यावर मोटार तीच राहिली. तिच्या आयुष्याची साखळी कोठेही तुटलेली नाही, आणि ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी मोटार अस्तित्वातच नाही.

७/
मराठी इतिहास संशोधनाला ही दृष्टी परकी नाही. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपल्याकडे अस्सल कागदाचा आग्रह आहे. मोडी पत्र हाती आले की ते कोणत्या दप्तरातून आणि कोणाच्या हातून आले, हे आपण आधी विचारतो. जुन्या मोटारीचे चॅसी क्रमांक, इंजिन क्रमांक, नोंदणीपुस्तिका, जुनी बिले आणि छायाचित्रे ही तिची दप्तरेच होत. खरेदीपूर्वी परीक्षा घ्यायची ती त्यांची. रंगाची चमक पाहून काहीच सिद्ध होत नाही.

८/
दुसरी मोटार याच्या अगदी उलट टोकाची. १९२५ ची बुगाटी ‘ब्रेशिया’. स्वित्झर्लंडमधील आस्कोना गावाजवळ, माज्जोरे सरोवराच्या तळाशी ती अनेक दशके पडून होती. आयातकर थकल्यामुळे तिची अशी विल्हेवाट लावली गेली, असे सांगतात. शर्यतपटू रेने ड्रेफुस यांनी ती पोकरच्या डावात गमावली, ही कथाही तिला चिकटली आहे. आख्यायिका म्हणून तिची नोंद घ्यावी. पुरावा म्हणून नव्हे.

९/
जुलै २००९ मध्ये ती पाण्याबाहेर काढण्यात आली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात त्या गंजलेल्या सांगाड्याला सुमारे २ लाख ६० हजार युरो मिळाले. ती कॅलिफोर्नियातील ऑक्सनर्ड येथील मलिन मोटार संग्रहालयात पोहोचली. तिथे तिचा जीर्णोद्धार झाला नाही. जशी निघाली तशीच, गंजासह, ती मांडण्यात आली.

१०/
हा निर्णय आळसाचा नव्हता. तिचे पुन्हा वापरता येतील असे भाग थोडेच होते. बाकी सारे नव्याने घडवावे लागले असते. मग हाती काय आले असते? जुन्या नावाची नवी बुगाटी. तिच्यात जे अनन्य होते, म्हणजे सरोवराने तिच्यावर उमटवलेला काळ, ते पहिल्याच आठवड्यात घासून निघाले असते. बेंटलीचे भाग गेले, पण चरित्र अखंड राहिले. बुगाटीचे चालते आयुष्य संपले, पण जे भाग उरले ते मूळचे होते. म्हणून दोघींना एकच नियम लावता येत नाही.

११/
दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. मोटार धावण्यासाठीच घडवली जाते. न चालणारे इंजिन अखेर जाम होते आणि ते उघडून बसवणारे हातही हळूहळू नाहीसे होतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या तुरीन सनदेत म्हणूनच वाहनांच्या वापरालाही स्थान आहे. मात्र कमीत कमी हस्तक्षेप आणि केलेल्या कामाची नोंद, यांवर तिचा भर आहे.

१२/
ही नोंद न ठेवल्याची किंमत बेंटलीप्रेमींनी मोजली आहे. त्या काळातील अनेक बेंटली गाड्यांच्या बंदिस्त बॉडी काढून त्यांच्यावर ल मां धाटणीच्या उघड्या बॉडी चढवल्या गेल्या. शर्यतीच्या गाडीचा आभास मिळाला. त्या काळच्या घरगुती मोटारीचा पुरावा मात्र गेला.

१३/
अभिरुची बदलते आहे. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील प्रतिष्ठित प्रदर्शनात २०२४ मध्ये सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी ‘टाइप ५९’ ला मिळाला. ती जीर्णोद्धार न केलेली, जतन केलेली मोटार होती. जतन गटातील मोटारीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. भारतातही २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी ५० वर्षांहून अधिक वय पुरेसे नाही. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशीही अट आहे.

१४/
तेव्हा मोटार घ्यावी का? तिच्या चरित्राची साखळी कागदांनी सिद्ध होत असेल, तर जरूर घ्यावी; न होत असेल, तर ती केवळ सुंदर यंत्र आहे आणि त्याच भावाने घ्यावी. जीर्णोद्धार करावा का? क्षय थांबवण्यापुरता आणि गाडी सुरक्षित चालण्यापुरता अवश्य करावा. काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा, बसवलेल्या प्रत्येक भागावर खूण करावी.

१५/
रंग पुन्हा कधीही देता येतो. खरवडून टाकलेला जुना रंग मात्र कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. किल्ल्याची तटबंदी असो, मोडी कागद असो वा शर्यतीची मोटार, हा हिशेब सर्वत्र सारखाच आहे.

तुमच्या घरी किंवा गावात जुने वाहन असेल, तर ते धुण्यापूर्वी त्याचे फोटो काढा आणि क्रमांक टिपून ठेवा. 🧵 समाप्त.