कर-तपासणी, यादृच्छिक (तुमसर परिसराच्या विशेष संदर्भासह)

करदात्याने स्वतः दाखल केलेले विवरणपत्र, त्याच्याविषयी कोणताही पूर्वसंशय न धरता, यदृच्छेने निवडून त्याच्या दप्तराशी ताडून पाहण्याची पद्धती. धाड, झडती व जप्ती यांचा अंतर्भाव तीत होत नाही.

इतिहास : तुमसर ज्यात आहे तो भंडारा जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता, त्या प्रांताने 1938 साली मोटार-इंधनाच्या विक्रीवर कर बसविला व फेडरल कोर्टाने तो प्रांतिक अधिकारात असल्याचे मान्य केले. त्यानंतर 1947 चा सर्वसाधारण विक्रीकर कायदा, 1956 साली जिल्हा मुंबई राज्यात आल्यावर 1960 पासून मुंबई विक्रीकर कायदा, 2005 पासून मूल्यवर्धित कर व 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर असा अंमल येथील व्यापाऱ्यांवर राहिला.

तपासणीचे स्वरूप : तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ असल्यामुळे येथील तपासणीचा गाभा भात गिरणीच्या दप्तरात आहे. सरकारी भरडाईत शंभर क्विंटल धानास सदुसष्ट क्विंटल अरवा किंवा अडुसष्ट क्विंटल उकडा तांदूळ हा उतारा प्रमाण मानतात. तेव्हा धानाची आवक, तांदळाची विक्री, कणी व कोंडा यांची जावक आणि विजेची देयके एकमेकांशी जुळतात की नाहीत, हे पाहिल्यावाचून केवळ खातेवहीच्या बेरजेवर विसंबणे व्यर्थ होय. 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या तांदळावर पाच टक्के कर असून सुटा तांदूळ करमुक्त आहे; त्यामुळे छापील पिशव्यांच्या खरेदीची पावती हा या धंद्यातील सर्वांत बोलका पुरावा ठरतो, आणि अनुभवी निरीक्षक बारदान्याचा हिशेब प्रथम मागतो. कोंड्याच्या करपात्रतेविषयी, त्याच्या उपयोगानुसार, मतभेद आहेत.

निवड : अमेरिकेच्या महसूल खात्याने 1960 नंतरच्या दशकांत यदृच्छेने निवडलेल्या विवरणपत्रांची ओळ न् ओळ तपासून करचुकवेगिरीचे प्रमाण अजमावले. आपल्याकडे पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणीच्या अंदाजासाठी जे नमुनाशास्त्र रुजविले, त्याचेही तत्त्व हेच की निवड करणाऱ्याची मर्जी निवडीतून वगळावी. वस्तू व सेवा करात मात्र निवड मुख्यतः जोखीम-निकषांवर चालते, आणि हे निकष मागील चुकांवरून घडत असल्याने जी लबाडी पूर्वी कधी उघडकीस आली नाही ती त्यांना दिसत नाही. म्हणून काही अंश तरी निखळ यदृच्छेसाठी राखून ठेवणे आवश्यक आहे. छोट्या गावात, जेथे अधिकारी व आडते एकमेकांना ओळखतात, तेथे अशा निवडीने प्रामाणिक व्यापाऱ्याचेच रक्षण होते, कारण आपल्यावर कोणी डूख धरून नोटीस काढली अशी शंका त्यास उरत नाही.

आयकर : मुखविरहित (फेसलेस) आकारणीत यदृच्छा प्रकरणाच्या निवडीपेक्षा अधिकाऱ्याच्या नेमणुकीत अधिक आढळते.

खनिज : या परिसरातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या स्वामित्वधनाची तपासणी स्वतंत्र कायद्यान्वये होते.

मुदती : वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 65 अन्वये लेखापरीक्षेपूर्वी किमान 15 कामकाजी दिवसांची सूचना द्यावी लागते; काम सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत ते पुरे व्हावे, आयुक्तांस आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ देता येते. हिशेबाचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जतन करणे बंधनकारक आहे.