क्रॉस कंट्री शर्यत

क्रॉस कंट्री शर्यत हा ॲथलेटिक्समधील लांब पल्ल्याच्या धावण्याचा एक प्रकार आहे. आखीव धावपट्टी किंवा डांबरी रस्ता यांऐवजी गवताळ माळ, माती, चिखल, चढ-उतार आणि वळणे असलेल्या नैसर्गिक भूमीवर ही शर्यत होते. ती वैयक्तिक तसेच सांघिक स्वरूपाची असते. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील खेळाडूंनी या प्रकारात व त्याच्याशी निगडित लांब पल्ल्याच्या शर्यतींत विशेष नाव मिळवले आहे.

स्वरूप व नियम

प्रत्येक मैदानाचे चढ, माती आणि हवामान वेगळे असल्यामुळे या शर्यतीत वेळेच्या विक्रमाला फारसा अर्थ नसतो. खेळाडू कितवा आला यालाच महत्त्व असते. मार्ग साधारणतः दोन किलोमीटरच्या वळशांचा आखतात. खोल खड्डे, धोकादायक उतार व दाट झुडपे टाळली जातात. जागतिक स्पर्धेत वरिष्ठ गटातील पुरुष व महिला या दोघांसाठीही आता १० किलोमीटर अंतर आहे.

सांघिक निकालासाठी संघातील ठरावीक खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज करतात. जिची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी ठरतो. उदाहरणार्थ, चार खेळाडू मोजले जात असतील आणि एका संघाचे धावपटू १, २०, २६ व ३० या क्रमांकांवर आले, तर त्यांचे ७७ गुण होतात. दुसऱ्या संघाचे धावपटू ३, ८, १५ व २१ वे आल्यास त्यांचे गुण ४७ होतात. पहिला आलेला खेळाडू ज्या संघात आहे, तो संघ येथे हरतो. त्यामुळे चौथ्या धावपटूने शेवटच्या चढावर मागे टाकलेला एक प्रतिस्पर्धीही निर्णायक ठरू शकतो.

इतिहास

या खेळाचा उगम एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या निवासी शाळांत झाला. पुढे धावणारी मुले कागदाचे कपटे टाकत जात व मागील मुले त्या मागावरून त्यांचा पाठलाग करीत. १८६८ मध्ये लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा क्लब स्थापन झाला. १९०३ मध्ये स्कॉटलंडमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९७३ पासून बेल्जियममधील वारेगेम येथून जागतिक स्पर्धेस प्रारंभ झाला. केनियाच्या पुरुष संघाने १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षे सांघिक विजेतेपद राखले.

१९१२, १९२० व १९२४ या तीन ऑलिंपिकमध्ये क्रॉस कंट्रीचा समावेश होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कडक उन्हामुळे ३८ पैकी केवळ १५ धावपटू शर्यत पूर्ण करू शकले. फिनलंडच्या पाव्हो नुर्मी याने ती जिंकली; परंतु त्यानंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी मांडलेला मिश्र रिलेचा प्रस्तावही मान्य झाला नाही.

तंत्र

चढावर पावले आखूड टाकून शरीर किंचित पुढे झुकवतात. उतारावर तोल सांभाळत वेग वाढू देतात. सुरुवातीची जागा रुंद आणि पुढील वाट अरुंद असल्याने प्रारंभीच योग्य जागा पटकावावी लागते. चिखलात पकड मिळावी म्हणून खिळ्यांचे बूट वापरतात. असमान भूमीवरील या सरावाने घोटे, मांड्या व श्वसनक्षमता बळकट होतात. म्हणून ५,००० व १०,००० मीटरचे धावपटू हिवाळ्यात क्रॉस कंट्रीचा आधार घेतात.

डोंगरी धावणे

डोंगरी धावणे हा याचाच जवळचा, पण स्वतंत्र प्रकार आहे. त्यात एकूण चढाई हा मुख्य निकष असतो. त्याची पहिली जागतिक स्पर्धा १९८५ मध्ये इटलीत झाली. महाराष्ट्रात सिंहगड, राजगड व तोरणा या किल्ल्यांना जोडणारी शर्यत या प्रकारात परिचित आहे. सातारा येथील हिल मॅरेथॉन घाटरस्त्यावरून धावली जाते.

नाशिक जिल्ह्यातील परंपरा

सह्याद्रीच्या पूर्वेस सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेल्या नाशिकला थंड हिवाळा आणि शहरालगत डोंगर-माळ लाभले आहेत. प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली येथे ग्रामीण व आदिवासी भागांतील अनेक धावपटू घडले.

त्यांपैकी सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’ या नावाने ओळखल्या जातात. त्यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य, तर त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत याच अंतरात रौप्य व ५,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. २०१२ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. संजीवनी जाधव यांनी २०१८ मध्ये चीनमधील ग्वियांग येथे आशियाई क्रॉस कंट्री स्पर्धेत कांस्यपदक पटकावले.

महत्त्व

ऑलिंपिक पदक व विक्रमांची नोंद या दोन्हींच्या अभावी क्रॉस कंट्रीला प्रसिद्धी कमी मिळते. तिच्यावर घडलेले धावपटू बहुधा धावपट्टीवरील पदकांमुळेच ओळखले जातात. तथापि या खेळास कृत्रिम धावपट्टी लागत नाही. गावाशेजारचा माळ सरावास पुरेसा होत असल्याने, जेथे क्रीडासंकुल पोहोचलेले नाही अशा पाड्यांवरील मुलामुलींसाठी स्पर्धात्मक खेळाची ही पहिली वाट ठरू शकते.