अर्ध्या आण्याचा भरवसा

सभागृहात तिकिटं जमवणारी मंडळी बरीच दिसतायत, म्हणून आधीच सांगून टाकतो, आज चित्रांबद्दल मी फारसं बोलणार नाही. पक्षी, फुलं, पुढारी हे सगळं तिकिटावर फार नंतर आलं. मला बोलायचंय ते एका रोकड्या प्रश्नाबद्दल: पत्राचे पैसे कोणी द्यायचे, आणि कधी?

कंपनी सरकारच्या १८३७च्या टपाल कायद्यानुसार दर ठरायचा तो अंतरावर. कलकत्त्याहून आग्र्याला पत्र पाठवायचं तर तोळ्याला बारा आणे, मुंबईला पाठवायचं तर एक रुपया. आणि हे पैसे पाठवणाऱ्यानंच भरायला हवेत असंही नव्हतं. पुष्कळदा पत्र घेणाऱ्याच्या दारात वसुली व्हायची. त्यानं पत्र घ्यायला नकार दिला, तर इतक्या लांबून आणण्याची सगळी मेहनत फुकट.

इंग्लंडमध्येही हेच चालू होतं. रोलंड हिल यांनी हिशेब मांडून दाखवलं की खरा खर्च अंतराचा नसतोच. तो असतो प्रत्येक पत्राची नोंद, दर-आकारणी आणि वसुली यांचा. मग दर एकच ठेवा, पैसे आधी घ्या, आणि ते मिळाल्याची खूण म्हणून कागदाचा एक तुकडा चिकटवा. ६ मे १८४० पासून तो तुकडा, म्हणजे 'पेनी ब्लॅक', वापरात आला. थोडक्यात, तिकीट ही एक पावती आहे.

आपल्याकडे ही कल्पना पहिल्यांदा आली ती मुंबई-कलकत्त्यात नव्हे, सिंधमध्ये. आणली बार्टल फ्रियर यांनी. हे गृहस्थ आपल्याला परके नाहीत. त्याआधी ते साताऱ्याला रेसिडेंट होते. १८४८मध्ये महाराज वारले, तेव्हा दत्तकाला मान्यता द्यावी असं त्यांनी सरकारला कळवलं होतं. सरकारनं ऐकलं नाही, राज्य खालसा झालं. पुढे ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि कोटाच्या भिंती पाडल्या, तेही हेच. तर १८५०मध्ये ते सिंधला गेले आणि १ जुलै १८५२ रोजी त्यांनी अर्ध्या आण्याचं 'सिंद डाक' तिकीट काढलं. त्यावर राणीचा मुखवटा नाही, कंपनीची व्यापारी खूण आहे. सुरुवातीची तिकिटं लाखेसारख्या लाल पदार्थावर ठसा मारून केलेली होती. ती इतकी ठिसूळ की हाताळताना तुकडे पडायचे! मग पांढऱ्या कागदावर नुसता उठाव, आणि नंतर निळा रंग.

दोनच वर्षांनी, १ ऑक्टोबर १८५४ पासून, कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच दर आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून मुंबईला जावो की कलकत्त्याला. ज्या तोळ्याला रुपया पडायचा, त्याला आता दोन आणे.

ही तिकिटं छापायचं काम आधी कलकत्त्याच्या टांकसाळीला दिलं होतं. तिला इतकी तिकिटं छापून देणं जमेना, तेव्हा ते सर्व्हे ऑफिसातल्या कॅप्टन थुलियर यांच्याकडे गेलं. म्हणजे नकाशे छापणाऱ्या खात्याकडे. देशातली अंतरं कागदावर मांडणं हा ज्यांचा धंदा, त्यांनीच अंतराचा हिशेब मोडणारं तिकीट छापलं, याची मला नेहमी गंमत वाटते. त्यांनी अर्ध्या आण्याचं तिकीट लाल शाईत छापायला घेतलं. विलायती शाई संपली, देशी शाईनं छपाईचे दगड खराब व्हायला लागले, म्हणून ते निळं झालं. त्याला भोकं नव्हती आणि गोंदही नव्हता. कात्रीनं कापा आणि आपल्या खळीनं चिकटवा.

पण स्वस्ताई झाली म्हणून सगळ्यांनी धावत जाऊन तिकिटं घेतली, असं समजू नका. बिनतिकिटाच्या पत्राला दुप्पट आकार पडायचा, तरी लोक तशी पत्रं टाकत. मराठीत त्याला शब्दच रुळला, नॉटपेड. यात कंजुषी होतीच, पण एक हिशेबही होता. ज्या पत्राचे पैसे अजून यायचेत, ते टपालवाला वसुलीसाठी तरी नक्की पोचवणार. ज्याचे पैसे आधीच मिळाले, त्याची काळजी सरकारला कशाला? ज्या सरकारनं दत्तकाचा हक्क मानला नाही, त्याला काम होण्याआधी पैसे देऊन बसायचं, हे कोणाही शहाण्या माणसाला खटकणारच. मला तरी तो अडाणीपणा वाटत नाही. अर्धा आणा परवडणं वेगळं आणि त्यावर विसंबणं वेगळं.

म्हणूनच अभ्यासकाला सुट्या तिकिटापेक्षा पाकीट मोलाचं. त्यावरच्या शिक्क्यांवरून पत्र कुठून निघालं आणि कधी पोचलं ते कळतं. नॉटपेड असेल तर दारात किती वसूल केलं, तेही अनेकदा दिसतं. तुमच्या घरी माळ्यावर जुन्या पत्रांचा गठ्ठा असेल, तर कृपा करून तिकिटं भिजवून सोडवू नका. लहानपणी मी तेच केलं. आजोबांच्या पत्रांवरची तिकिटं वहीत नीट चिकटवली आणि पाकिटं बंबात घातली. वही अजून आहे. त्यातलं एकही तिकीट कोणत्या पत्रावरचं, ते मला सांगता येत नाही.

आता प्रश्न घेऊया.