ठेवू का?

निरोप घेताना मराठी माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. दूरध्वनीवर हा संकेत निरुपयोगी ठरला. मुळात आलोच नव्हतो, तर 'येतो' कसे म्हणणार? त्या रिकाम्या जागी 'ठेवू का?' आले. रूप प्रश्नाचे असले तरी 'नको' हे उत्तर त्यात गृहीत नाही. मात्र तो न विचारता फोन ठेवणे उद्धटपणाचे मानले गेले. कोणत्या व्याकरणात हा नियम सांगितला आहे?

मुंबईत दूरध्वनी केंद्र १८८२ साली सुरू झाले. मध्यमवर्गीय घरांत हे यंत्र येण्यास मात्र पुढे शतक लागले आणि तोवर बहुतेकांचा फोन म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. पत्त्याखाली क्रमांक आणि पुढे कंसात 'पी.पी.'. आमच्या मते मराठी दूरध्वनी-शिष्टाचार घडला तो या परक्या दिवाणखान्यात. जेवणाच्या वेळी फोन येऊ द्यायचा नाही. आलाच तर उभ्यानेच, थोडक्यात बोलायचे. यजमानांनी दूरदर्शनचा आवाज कमी करायचा, स्वयंपाकघरात जायचे आणि काहीच ऐकले नाही असे दाखवायचे. लग्नाच्या वयाच्या मुलीला आलेला फोन मात्र सगळी चाळ ऐके. सौजन्याचे नियम सर्वांना सारखे कधीच नव्हते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ च्या निबंधात सुमारे पाचशे संभाषणांचे आरंभ तपासले. एक अपवाद वगळता प्रत्येक वेळी फोन उचलणाराच आधी बोलला होता, कारण घंटा हीच हाक. आपल्याकडे या 'हॅलो'मागोमाग 'कोण बोलतंय?' येई. १९९५ मध्ये भारतात मोबाइल आला. पुढे पडद्यावर नाव दिसू लागले, आणि 'कोण'ची जागा 'कुठे आहेस?'ने घेतली.

अशुभ वार्तेचा संकेत मात्र यंत्रापेक्षा जुना. मृत्यू फोनवर उच्चारायचा नाही. १९९९ साली आमच्यापैकी एकीला वसतिगृहाच्या कार्यालयात काकांचा फोन आला : 'बाबांना जरा बरं नाही, रात्रीच्या गाडीने निघ.' तिने काही विचारले नाही. अर्थ दोघांनाही ठाऊक होता. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग काकांनी विचारले, 'ठेवू का?' ती 'हो' म्हणाली. तेव्हा 'नको' म्हणायचे होते, असे ती अजूनही सांगते.