खाट रुग्णाला, सोबतच्याचे काय?

१/ सातपुड्याच्या पायथ्याचे सोनाळा. येथून मुंबई पाचशे किलोमीटरांहून दूर. तेथवर नेलेल्या रुग्णाला रुग्णालयात खाट मिळते. त्याच्यासोबत आलेल्याने रात्र कोठे काढावी? हा प्रश्न वऱ्हाडातल्याच एका कीर्तनकाराने हाती घेतला.

२/ डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच संत गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडके.

३/ पाश्चात्य देशांत रुग्णालयांची महिला साहाय्यक मंडळे मेळे व विक्री भरवून निधी जमवीत. बाबांचे साधन होते कीर्तन. दिवसा गाव झाडायचे, रात्री श्रोत्यांना प्रश्न विचारायचे. व्यसन, कर्ज व नवसाच्या बोकडापायी जाणारा पैसा लोकोपयोगी कामाकडे वळावा, हा त्यांचा आग्रह.

४/ अशा लोकाश्रयातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. मागणारा एक, कारभार पाहणारे विश्वस्त दुसरे. देणगीदाराचा विश्वास अशाच व्यवस्थेवर टिकतो.

५/ १९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. सोबतच्याला छप्पर मिळाले, तरच दूरचा रुग्ण उपचार पुरे होईतो शहरात टिकू शकतो.

६/ २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कर्करुग्णांना व त्यांच्या सोबत्यांना आसरा देते. रुग्णसेवा रुग्णालयाच्या दाराशी संपत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.