बोटावरून कपाळावर

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम कोविडच्या साथीत, सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झाली आणि सातारा-सांगलीच्या वाड्यावस्त्यांवर आरोग्य पथकं दारोदार फिरू लागली. बोट चिमट्यात धरायचं, लाल उजेड लागायचा, आकडा यायचा. तो ९४ च्या खाली उतरला की घरातल्यांचे चेहरे उतरायचे. या ऑक्सिमीटरचं एक भावंड कपाळावर बसतं आणि मनोविकारांच्या अभ्यासात वापरलं जातं.

दोघांचा मूळपुरुष एकच. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात लाल रंगाच्याही पलीकडे तापमापक ठेवला, तर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथेही पारा चढला. अवरक्त प्रकाश सापडला तो असा. प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू सोडलेलं हिमोग्लोबिन हा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात, त्यामुळे परतणाऱ्या उजेडावरून रक्ताची अवस्था कळते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांच्या कानाच्या पाळीला लावायचं उपकरण केलं. १९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा भाग तेवढा वेगळा काढायची युक्ती मांडली, आणि आजचा ऑक्सिमीटर त्यातून आला. एप्रिल २०२० मध्ये आओयागी गेले. जग त्यांच्या उपकरणासाठी धावत होतं, तेच ते दिवस.

बोट आणि कान सोपे होते, कवटीचं काय? अमेरिकेच्या ड्यूक विद्यापीठातले फ्रान्स योब्सिस यांना जेवणातल्या मांसाचं हाड उजेडासमोर धरल्यावर तांबूस प्रकाश आरपार येताना दिसला, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. हाडातून उजेड जात असेल तर डोक्यातूनही जाईल. १९७७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि मेंदूतला प्राणवायू बाहेरून मोजता येतो हे सिद्ध झालं. १९९३ मध्ये निरनिराळ्या गटांनी एक पाऊल पुढे टाकलं: माणूस विचार करतो तेव्हा त्या भागातलं रक्त कसं बदलतं, तेही या उजेडात दिसू लागलं. प्रकाश सोडणारा आणि टिपणारा बिंदू साधारण ३ सेंटिमीटर अंतरावर ठेवायचे. उजेड आत वाकून परत येतो आणि वाटेत मेंदूचा फक्त वरचा थर चाचपतो. खोलवरचं त्याला दिसत नाही.

मनोविकारांसाठी याचा सर्वांत चिकाटीने वापर जपानने केला. गुन्मा विद्यापीठातल्या मासातो फुकुदा यांच्या गटाची चाचणी अगदी साधी आहे. आधी अ, इ, उ, ए, ओ म्हणत राहायचं, मग ६० सेकंद दिलेल्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द सांगायचे. निरोगी माणसात कपाळामागचं रक्त झटकन वाढतं, नैराश्यात ही वाढ कमी असते, द्विध्रुवी विकारात ती उशिरा येते आणि स्किझोफ्रेनियात काम संपल्यावरही भलत्या वेळी उसळते, असं या गटाचं निरीक्षण. २०१४ मध्ये ६७३ रुग्णांच्या अभ्यासात नैराश्याचे ७४.६ टक्के रुग्ण बरोबर ओळखले गेले, आणि त्याच वर्षी जपानच्या आरोग्य विम्यात निदानाला साहाय्यक म्हणून ही तपासणी आली. 'साहाय्यक' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो, कारण चारांतला एक चुकतो. शिवाय कपाळाच्या कातडीतलं रक्तही याच मोजमापात मिसळतं, हे २०११ मध्ये जपानी संशोधकांनीच दाखवलं होतं.

आपल्या भागात अशा पुराव्याची ओढ का असावी, हे समजण्यासारखं आहे. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि साताऱ्यात दवाखाना चालवता चालवता अंधश्रद्धा निर्मूलनाकडे वळले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम आहे भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने वा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं. ज्या घरातल्या मुलीला देवऋषाकडे असं काही सोसावं लागलं, त्या घरातली माणसं डॉक्टरपुढे बसल्यावर "रिपोर्टात काय आलं?" असं विचारणारच. आजार खरा आहे, पोरगी नाटक करत नाही, हे कागदावर हवं असतं. ही मागणी न्याय्य आहे. पण डॉक्टर शेजारी बसून जे विचारतो, त्याची जागा घेणारा कागद हा उजेड आज देऊ शकत नाही, आणि देतो असं सांगून कुणी तो विकत असेल तर ती फसवणूक ठरेल.

इथे ही तपासणी आणायची तर पायापासून काम करावं लागेल. दाट काळे केस प्रकाश अडवतात. एकेका बिंदूखालचे केस काडीने बाजूला सारावे लागतात, कपाळावरची टिकली काढावी लागते. त्वचेचा रंगही मोजणीत ढवळाढवळ करतो. आणि अक्षरं? बंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेच्या चाचणीसंचात भारतीय भाषांसाठी क, प, म आहेत. जतच्या, पाटणच्या न शिकलेल्या आजीला मात्र अक्षरावरून शब्द मागता येत नाहीत. तिला प्राण्यांची नावं विचारतात. गाय, म्हैस, शेळी सांगताना तिच्या कपाळामागचं रक्त किती वाढलं की ती निरोगी म्हणायची, हे जपानी तक्त्यावरून ठरत नाही. त्यासाठी आधी इथल्याच शेकडो धडधाकट आज्या मोजाव्या लागतील.